गडगडाट सुरू, रेडिओ बंद केला

तीन संगणकांना एकाच क्षणी ‘आत्ता’ म्हणायला लावायचं, एवढंच काम होतं. त्यात माझी अडीच वर्षं गेली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आणि ज्या एका संध्याकाळी त्या तिघांनी एकत्र ‘आत्ता’ म्हणायला हवं होतं त्या संध्याकाळी ते म्हणाले नाहीत. याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता निवृत्तीमुळे वेळ भरपूर आहे आणि राग अजून तेवढाच आहे, म्हणून लिहितो.

मी चंद्रपूरला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, दरवर्षी वीज पडून माणसं जातात. कोणी धानाच्या बांधीत, कोणी मोहाच्या झाडाखाली, कोणी तलावावर. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदात भजी बांधून मिळतात. मला वाटायचं, वीज नेमकी कुठे पडली हे नकाशावर टिंब देऊन सांगता आलं तर पुढे कधीतरी ती कुठल्या बाजूने सरकत येते आहे हेही सांगता येईल. मोठ्या देशांत तशी यंत्रणा होती. तिची किंमत प्राचार्यांना सांगितली तेव्हा त्यांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला.

म्हणून मी सॉफ्टवेअर रेडिओच्या नादी लागलो. साध्या रेडिओच्या डबीत नाना भाग असतात. या रेडिओच्या डबीत जवळपास काहीच नसतं. छपरावर एक तार, खाली सिग्नल मोठा करणारं छोटं सर्किट, आणि तिथून वायर सरळ संगणकाच्या साउंड कार्डात. बाकी सगळं काम प्रोग्रॅम करतो. वीज पडते तेव्हा ती स्वतःच एक दांडगं रेडिओ स्टेशन असते. तिची ‘खाड्’ शेकडो किलोमीटरवरून पकडता येते.

पण एका ठिकाणी पकडून उपयोग नाही. दोन ठिकाणी पकडली, तर कुठे आधी पोचली आणि कुठे नंतर यावरून नकाशावर एक वाकडी रेषा काढता येते. वीज त्या रेषेवर कुठेतरी पडली, एवढं कळतं. रेषेवर नेमकी कुठे, हे सांगायला तिसरं ठिकाण लागतं. माझं पहिलं ठिकाण तंत्रनिकेतनाची गच्ची. दुसरं राजुऱ्याला, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावर. दुकानाचे मालक साठीचे होते, सारा राजुरा त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायचो. तिसरं गोंडपिपरीला, एका प्राथमिक शिक्षिकेच्या घरी. त्या आमच्या विज्ञान शिबिराला आल्या होत्या आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते. त्यांना मी बाई म्हणायचो.

तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण ज्याने काढली त्याच्याकडे नक्कीच तीन साउंड कार्डं असणार. साउंड कार्ड एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार नोंदी घेतं. एका नोंदीपासून दुसरीपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढ्यात विजेची लहर सहा किलोमीटर पळालेली असते. म्हणजे एका नोंदीची गफलत झाली की राजुऱ्यावर पडलेली वीज नकाशात बल्लारपूरवर पडते. आणि प्रत्येक कार्ड आपापल्या आतल्या स्फटिकाच्या, म्हणजे छोट्या घड्याळाच्या, ठोक्यावर चालतं. हे स्फटिक कागदोपत्री सारखे आणि वागायला सवती. चंद्रपूरच्या उन्हात तर विचारूच नका. सकाळी जुळवून दिलेले तिघं दुपारी जेवायच्या आत तीन दिशांना गेलेले असायचे.

सुरुवातीला मी फोनवरून ‘एक, दोन, तीन, सुरू’ असं ओरडायचो. हे म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलणं होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. उपग्रहावरून वेळ घेणारी यंत्रं आमच्या आवाक्याबाहेर होती. एक हिवाळा असाच गेला. घरी मी ताटावरही नोंदींचे हिशेब पुटपुटायचो आणि बायको म्हणायची, आधी भाजीत मीठ आहे का तेवढं सांगा.

उपाय सुचवला तो चाचांनी. दुकानात एका ट्रान्झिस्टरला टाका देता देता ते म्हणाले, “सर, एक बोलू? तिन्ही जागी एकच गाना लावा ना. नागपूर तिन्हीकडे साफ लागते.”

मी आधी हसलो. मग बसस्टँडवर येईपर्यंत माझं हसू गेलं. साउंड कार्डाला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात आणि दोन्हींचा ठोका एकच असतो. डाव्या बाजूला विजेची तार जोडायची. उजव्या बाजूला सेलवरचा साधा रेडिओ, नागपूर केंद्र लावलेला. मग तिन्ही ठिकाणच्या उजव्या बाजूला तोच कार्यक्रम, तेच गाणं, निवेदकाचा तोच खोकला. प्रोग्रॅमने ते तीन कार्यक्रम एकावर एक बसवायचे, नागपूरपासूनच्या अंतराचा फरक वजा करायचा, की डाव्या बाजूच्या विजा आपोआप जुळल्या. स्फटिक कितीही भरकटला तरी निवेदक त्याला दर क्षणाला कान धरून जागेवर आणतो. आयुष्यात मला जे काही खरोखर चांगलं जमलं ते हेच, आणि तेही चाचांचं होतं.

फेब्रुवारीत सगळं बसलं. दूरवरच्या विजांवर करून पाहिलेली चाचणी चोख निघाली. मी दोन्ही ठिकाणच्या मंडळींसाठी सूचनांचा कागद तयार केला. आभाळ आलं की नोंद सुरू करावी. निवळलं की बंद करावी. रेडिओ नागपूरवरच ठेवावा. सेल दर रविवारी बदलावेत. काय काय केलं ते वहीत वेळेसकट लिहावं. महिन्याअखेर सीडी आणि वही बसने चंद्रपूरला पाठवावी. आणि एक सूचना मी दोनदा अधोरेखित केली होती. आमच्याकडे गडगडाट झाला रे झाला की बाया टीव्हीची अँटेनाची तार उपसून अंगणात फेकतात, मागोमाग विळा फेकतात, की वीज लोखंडावर जावी आणि घर वाचावं. म्हणून मी लिहिलं होतं: ‘कितीही गडगडाट झाला तरी छपरावरची तार काढू नये. संगणक बंद करू नये.’ तारेवरची वीज जमिनीत नेणारी सगळी सुरक्षा मी स्वतः जोडून दिली होती.

त्या वर्षीचं पहिलं मोठं वादळ जूनच्या सुरुवातीला आलं, शाळा उघडायच्या आधी. दहाएक दिवसांनी चाचांचा फोन आला. म्हणाले, एका माणसाला पाठवतो आहे, त्याचं ऐकून घ्या.

तो माणूस गोंडपिपरीपासून पंधरा किलोमीटरवरच्या एका गावचा ढिवर, तलावात मासे धरणारा. वय चाळिशीचं. खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाणी दिलं ते हातातच धरून राहिला.

“सर जी, तुमी ईज कुठी पडते थे लिहून ठेवता म्हनतात,” तो म्हणाला. “माह्या भावावर पडली थे मले कागदावर पायजे.”

हळूहळू त्याने सांगितलं. दोघं भाऊ त्या संध्याकाळी डोंग्यात होते. मोठा जाळं टाकत होता, हा बांबूने डोंगा धरून होता. पाखरं परतत होती. आभाळ अर्धं मोकळं होतं, गडगडाट लांब जंगलाकडे. “मंग सारं पांढरं झालं जी. मले जाग आली तं मी पान्यात, अन् डोंगा रिकामा.” मोठ्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी वर आलं. इतक्या वेळाने अंगावरची कुठली खूण ओळखू येणार होती? कागदावर ‘पाण्यात बुडून’ एवढंच लिहिलं गेलं.

अडचण अशी होती की दोनच दिवस आधी पानठेल्यावर दोघांचं भांडण झालं होतं. तलावाच्या बांधाकडची जागा कोणाची यावरून. आणि हा चारचौघांत म्हणाला होता, एक दिवस तुला बुडवतो.

गुन्हा वगैरे कोणी नोंदवला नव्हता. तोंडावर कोणी काही बोललंही नव्हतं. फक्त त्याच्या डोंग्यात बसायला कोणी तयार नव्हतं. त्या तलावावर एकट्याने जाळं टाकता येत नाही. एकाने डोंगा धरायचा, एकाने जाळं टाकायचं. तो काठावर आला की बाकीच्यांना अचानक घरचं काम आठवायचं.

“मी त्याले ढकललं नाई,” तो म्हणाला. “हे मी म्हनतो. दुसऱ्या कोनीतरी म्हटलं पायजे.”

मला त्याची दया आली हे खरं. पण त्याहून जास्त माझ्या यंत्राच्या अभिमानाने माझा ऊर भरून आला, हेही आता कबूल करायला हरकत नाही. मी छाती पुढे काढून सांगितलं, पंधरा दिवसांत टिंब दाखवतो.

चंद्रपूर आणि राजुऱ्याच्या नोंदी मी त्याच दिवशी एकावर एक बसवल्या. सुरेख बसल्या. सव्वासहाच्या सुमाराला एक दणदणीत वीज होती आणि तिची रेषा बरोबर त्या तलावावरून जात होती. अर्थात रेषा तलावावर संपत नव्हती. उत्तरेला दोन गावांवरून आणि दक्षिणेला जंगलातून ती पुढे जातच होती. आता फक्त गोंडपिपरी हवं होतं. महिनाअखेरीची वाट न पाहता मी बाईंना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरच्या हाती सीडी आणि वही आली.

डावी बाजू उत्तम. ती वीज अगदी ठसठशीत. उजवी बाजू सपाट. संध्याकाळच्या कार्यक्रमातली अर्धी जाहिरात येते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि पुढे सव्वा तास काहीही नाही. नागपूर नाही, खरखर नाही, श्वास नाही. मी आधी सेलला शिव्या दिल्या. मग वायरीला. मग मी वही उघडली. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. त्यात समासाची रेघ आखून लिहिलं होतं:

‘५.५० — गडगडाट सुरू. रेडिओ बंद केला.’

आणि खाली: ‘७.०५ — गडगडाट थांबला. रेडिओ सुरू केला.’

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हातातलं काम टाकून मी गोंडपिपरीची बस पकडली. अडीच तास उभ्याने. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ करत गेलो आणि तसंच बोललो, त्यांच्याच घरात, त्यांनी पुढे केलेला चहा बाजूला सारून. दोन वर्षांची मेहनत, तीन गावं, आणि एक बटण तुम्हाला तसंच ठेवता आलं नाही? असं बरंच काही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून माझाच सूचनांचा कागद आणून टेबलावर ठेवला.

“सर, तुमी लिहिलं तार काढू नका. नाई काढली. शेजारच्या बाया अंगणात येऊन ओरडून राह्यल्या होत्या, काढा काढा म्हणून. तरी नाई काढली. संगणक बंद करू नका लिहिलं, नाई केला. रेडिओ बंद करू नका असं इथी कुठी लिहिलं हाय? गडगडाटात रेडिओ बंद करतात हे कोणाले सांगा लागते का जी? मी लहान होती तवापासून आमच्या घरी तसंच करतात.”

आमच्याही घरी तसंच करतात. माझी आई करायची, बायको करते. चाचा सोडून दोन्ही जिल्ह्यांत कोणी गडगडाटात रेडिओ सुरू ठेवत नसेल, आणि चाचांच्या दुकानात रेडिओ बंद करायला कोणाला फुरसतच नसते. मी विळ्याचा विचार केला, अँटेनाचा केला. रेडिओ लावून ठेवा असं वेगळं लिहायला लागेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. पण रागात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. मी म्हणालो, एवढी अक्कल तर हवी.

मग त्यांनी विचारलं की एवढं काय अडलं आहे. मी ढिवराची गोष्ट सांगितली. गावाचं नाव घेताच त्यांनी मला थांबवलं. त्यांची शाळा त्याच गावात होती. रोज बसने जाऊन-येऊन करायच्या. दोघा भावांना ओळखत होत्या, भांडणाचंही त्यांच्या कानावर आलं होतं.

“म्हंजे हे माझ्यामुळं अडलं?” त्यांनी विचारलं.

मी “हो” म्हणालो. एकच शब्द, आणि आजवर मी बोललेल्या सगळ्या शब्दांत तोच परत घ्यावासा वाटतो.

पुढचे अडीच महिने मी त्या सव्वा तासाशी झटत होतो. रेडिओ बंद व्हायच्या क्षणी गोंडपिपरीचा संगणक किती पुढे-मागे होता ते माहीत होतं. सुरू झाला तेव्हा किती होता तेही माहीत होतं. मधल्या वेळात त्याची चाल सरळ असती तर दोन टोकं जोडून काम झालं असतं. पण बाईंच्या घरावर पत्रे. वादळाआधी खोली भट्टीसारखी, वारं सुटल्यावर दहा मिनिटांत थंडगार, आणि स्फटिक गार झाला की चाल बदलतो. कशी बदलली असेल ते काढायला मी तोच संगणक मागवून घेतला. वर्गात शंभरचे बल्ब लावून तापवला, ओल्या पोत्यांनी गार केला, दहादा. दर वेळी त्याने नवीच चाल दाखवली. विद्यार्थी खिडकीतून बघायचे आणि मला वेड लागल्याची बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली.

मग मी त्याच सव्वा तासातल्या लांबच्या विजा घेतल्या, ज्या तिन्ही ठिकाणी ऐकू आल्या होत्या. त्यांच्या ‘खाड् खाड्’चा क्रम एकमेकांवर ठेवून पाहिला. याने बरंच जमलं. हजारो नोंदींची गफलत तीन-चार नोंदींवर आली. कुठल्याही शहाण्या माणसाला एवढ्यात आनंद झाला असता. पण त्या लांबच्या विजा नेमक्या कुठे पडल्या हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याहून पुढे जाता येईना. घोडं तिथेच पेंड खात राहिलं. तीन-चार नोंदी म्हणजे माझं टिंब त्या रेषेवर वीसेक किलोमीटर मागेपुढे सरकत होतं. तलाव त्याच्या मधोमध. मोठेपणावरूनही काही ठरेना, कारण जवळची लहान वीज आणि लांबची मोठी वीज तारेला सारखीच वाटते. मी रागाने कीबोर्ड आपटला आणि त्याचं स्पेसचं बटण उडालं. दुसरा मिळायला दोन आठवडे लागले. तेवढे दिवस मी शब्दांमध्ये जागा न सोडता प्रोग्रॅम लिहायचा प्रयत्न केला आणि अर्थातच तो चालला नाही.

पंधरा दिवसांचं वचन होतं. गणपती बसले तेव्हा तो माणूस पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर गावच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. गावाने ठरवलं होतं की अध्यक्षांनी स्वतः बघून यावं. सरांच्या मशीनमध्ये वीज तलावावर दिसली तर विषय संपला.

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. नकाशा दाखवला, रेषा दाखवली. ही वीज सव्वासहाला पडली आणि या रेषेवरच पडली हे छातीठोक सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. मग ठिकाण कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी गोंडपिपरीची नोंद थोडी पुढे ढकलली. रेषेवरचं लाल टिंब जंगलात गेलं. थोडी मागे घेतली. टिंब सरकत सरकत वर आलं आणि तलावाच्या निळ्या ठिपक्यावर येऊन बसलं.

“तिथंच!” ढिवर उभा राहिला. “थांबवा जी. तिथंच राहू द्या.”

माउस माझ्या हातात होता. एक कळ दाबली असती की कागद छापून आला असता. तो खोटा ठरवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. आणि मला मनातून वाटतही होतं की वीज तिथेच पडली. वाटत होतं कसलं, खात्री होती. पण ती खात्री त्याच्या तोंडाकडे बघून आलेली होती, नोंदीतून नाही. आणि मी वर्गात वीस वर्षं पोरांना हेच बजावत आलो होतो की तुम्हाला हवं ते आकड्यांच्या तोंडी घालू नका.

मी टिंब पुन्हा सरकवलं. वरच्या गावावर नेलं आणि म्हणालो, “हे असंही असू शकतं. यातलं खरं कुठलं ते मला सांगता येत नाही.”

अध्यक्षांनी माउसवरच्या माझ्या हाताकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “म्हंजे ईज कुठी पाडायची थे तुमच्या हातात हाय.”

मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. मग सांगायला लागलो, स्फटिक, पत्रे, नागपूर, सव्वा तास. मला स्वतःलाच माझा आवाज ऐकवेना. अध्यक्ष उठले, सभ्यपणे नमस्कार केला आणि बाहेर चप्पल घालायला गेले. ढिवर मागे थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“सर जी,” तो म्हणाला, “तुमी हो म्हनत नाई अन् नाई म्हनत नाई. गावातले लोकंबी तसंच करून राह्यले.”

ते गेल्यावर मी तीन तास तिथेच बसलो. स्वतःचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता. कागद छापायला हवा होता असं वाटायचं आणि पाचच मिनिटांनी बरं झालं छापला नाही असं वाटायचं. अजूनही दोन्ही वाटतं. बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, बाईंनी रेडिओ बंद केला म्हणून. चाचांनी विचारलं तेव्हाही तेच, प्राचार्यांनी विचारलं तेव्हाही तेच. चाचा म्हणाले, “बाईंचं काय चुकलं सर? मीपण घरी बंद करतो.” मी फोन ठेवून दिला.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी गोंडपिपरीचं ठिकाण बंद करायला सांगितलं. एका रविवारी मी तार उतरवायला गेलो. माफी मागायचं घरून ठरवून निघालो होतो. बाई घरी नव्हत्या. त्यांचे यजमान म्हणाले, येतीलच, आणि शिडी धरायला आले. मी तार गुंडाळत होतो तेव्हा बाई आल्या. साडीचा काठ ओला, पायाला चिखल, हातातल्या पिशवीत पाचसहा मासे.

मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “रविवारी सकाळी तलावावर जात असते जी. दीड महिना झाला.”

“कशाला?”

“त्याच्या डोंग्यात बसाले.”

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पिशवी यजमानांकडे दिली आणि पायरीवर बसल्या. पहिल्या रविवारी त्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, चल, मी बांबू धरते. तो नाही म्हणाला. मास्तरीण डोंग्यात बसली तर लोक आणखी बोलतील म्हणाला. त्या तशाच चिखलातून गेल्या आणि डोंग्यात बसल्या. बांधावर सारा गाव गोळा झाला. त्याने काठापासून जेमतेम पाच-दहा हात नेलं आणि परत आणलं. जाळं टाकलंच नाही. दुसऱ्या रविवारी टाकलं. आता अध्यक्षांचा पुतण्याही एक दिवसाआड त्याच्याबरोबर जायला लागला होता.

जे मला तीन संगणक लावून अडीच महिन्यांत जमलं नाही ते यांनी एका सकाळी केलं, याचा आधी मला चक्क राग आला. काय खरं नि काय खोटं ते न कळता असं करायचं असतं का, असं काहीतरी मी बोललोही. “उद्या त्यानं खरंच ढकललं होतं असं निघालं तर?” मी म्हणालो. “तुम्हाला पोहता तरी येतं का?”

“नाई येत,” बाई म्हणाल्या. “साऱ्या गावाले ठाऊक हाय थे. म्हणून तं मीच बसली.”